तीन ते साडेचारचं ऊन

२ मार्च

बागेतल्या दगडी भिंतीवरची येग्लिचं मोजली. एकतीस जिवंत, दोन झाडांबद्दल खात्री नाही. हिवाळ्यात ही डोंगरी फुलांची जात, प्रिम्युला, पानं मिटून दगडाच्या फटीत अशी दडते की मेली की झोपली हे बोट लावल्याशिवाय कळत नाही. खाणीच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं मी कामगारांच्या लघवीतला पारा मोजला. मोजल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही.

एकतिसातलं एकही रानातून उपटून आणलेलं नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण माझ्यामागे लेस विणणारी माझी मैत्रीण झ्देन्का काय वाटेल ते सांगत सुटेल. सगळी बियांपासून केलेली. बी पेरायचं, कुंडी हिवाळाभर बर्फात ठेवायची, मग कधीतरी राईएवढं पान दिसतं. ते भिंतीच्या फटीत लावायचं आणि फुलाची वाट बघायची, तीन वर्षं, नाहीतर चार. नवरा म्हणायचा, "एवढ्या वेळात आपलं पोर शाळेत गेलं असतं." पोर झालं नाही. नवऱ्यालाही जाऊन बारा वर्षं झाली. येग्लिचं आहेत.

दुपारी कुंपणाशी त्सिरिल आला. चाळीस वर्षांचा शेजार आहे. खाणीत होता, त्याच्याही बाटल्या मी तपासल्यात, त्यामुळे तो माझ्यापुढे फार तोरा मिरवत नाही. मागच्या लिंडनच्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाला, "मिलोजका, ही लिपा नसती तर इथे ऊन किती वाजता आलं असतं?"

असा प्रश्न मला कुणी विचारत नाही. मी एका दमात सांगितलं. "तीनला डोंगराच्या खांद्यामागून बाहेर पडतं आणि साडेचारला चर्चच्या टेकडीआड जातं. जूनमध्ये साडेपाचपर्यंत टिकतं."

"माझ्या खालच्या खोलीत येईल?"

"लिपा नसती तर थेट समोरच्या भिंतीपर्यंत. पण ती आहे ना. आता उघड्या फांद्यांतून थोडं गळतं तेवढंच. पानं आली की तेही बंद."

"हं," म्हणाला. मग झाडाकडे बघत म्हणाला, "पाडायचं म्हणतोय."

मला वाटलं थट्टा करतोय. लिपाचं झाड कोण पाडतं?

५ मार्च

थट्टा नव्हती. आज तो खोडाभोवती दोरी गुंडाळून घेर मोजत होता.

झाड त्याचं आहे, यात वाद नाही. त्याच्या जमिनीची एक चिंचोळी पट्टी माझ्या बागेच्या खालच्या अंगाला वळून आली आहे, तिच्या टोकाला लिपा उभी आहे. तिची सावली आधी माझ्या भिंतीवर पडते आणि मग त्याच्या खिडकीवर. म्हणजे झाड त्याचं आणि सावली माझी, असं इतकी वर्षं चाललं. लिपा गेली तर जूनच्या उन्हात भिंतीचा तवा होईल. ही फुलं डोंगरात ओल्या कड्यांच्या उत्तर बाजूला वाढतात. ऊन त्यांना सोसत नाही.

रागाने दोन तास काही सुचलं नाही. मग स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून शांतपणे हिशोब केला. झाड तोडायचं ते उतरत्या चंद्रात, आणि रस वर चढायच्या आत. चंद्र आत्ताच वाढायला लागलाय, पौर्णिमा अठराला. संत ग्रेगोरचा सण बाराला. ग्रेगोरला पाखरांची लग्नं लागली की झाडात रस धावतो, त्यानंतर कुऱ्हाड लावत नाहीत. त्सिरिलचा बाप जंगलखात्यात होता, आणि त्सिरिल स्वतः साधी काठीसुद्धा चंद्र बघितल्याशिवाय तोडत नाही. म्हणजे हा हिवाळा गेला. आता थेट नोव्हेंबर.

येग्लिचं भिंतीतून काढून दुसरीकडे न्यायची असती तर आत्ताच न्यायला हवी होती, कळ्या धरायच्या आत. झ्देन्काची बहीण वर व्होयस्कोला राहते, तिथे गारवा आहे, उत्तरेची भिंतही आहे. पण हिवाळ्यापर्यंत वेळ असताना घाई कशाला? तोपर्यंत त्याची समजूत काढता येईल.

१६ मार्च

बुधवार. लेस विणायला शाळेत सहाजणी. दानित्सा आजही आली नाही. हा तिसरा बुधवार.

दानित्सा म्हणजे त्सिरिलची बायको. कारण मला ठाऊक आहे. फेब्रुवारीत जत्रेसाठीचा तिचा रुमाल बघून मी म्हटलं होतं, "दोरा सैल सुटलाय, दानित्सा. असं तर पहिलीतली मुलंही करत नाहीत." सगळ्यांसमोर म्हटलं. खोटं नव्हतं, खरंच सैल होता. तिने दोऱ्याच्या फिरक्या गोळा केल्या, विणायची उशी पिशवीत घातली आणि गेली.

झ्देन्का म्हणाली, "तू बोलत नाहीस गं, कात्री चालवतेस."

"मग काय सैलाला घट्ट म्हणू?"

"गप्प बसायचंस. ते फुकट असतं."

मनातून मला वाईट वाटतंय. पण चाळीस वर्षांच्या मैत्रिणीने एका वाक्यावर तीन बुधवार रुसून बसायचं म्हणजे अतीच झालं. मी जाणार नाही. तिने यावं.

२९ मार्च

अकरा झाडांना कळ्या. कळी आधी मान खाली घालून असते आणि मग रोज थोडी थोडी वर बघते.

दानित्साला खिडकीत बघितलं, खालच्या खोलीत. पलंग खाली आणलेला दिसतो. वरचा मजला तापवायचा खर्च वाचवत असतील. घरातल्या घरात डोक्याला रुमाल बांधून बसली होती, म्हणजे रंगकाम काढलं असावं. तिने हात हलवला. माझ्या हातात खुरपं होतं, मी खुरपंच हलवलं. मग वाटलं, हे तिला कसं दिसलं असेल? आत जाऊन बोलायला हवं होतं. पण तेवढ्यात त्यांच्या दारात एक पांढरी गाडी आली, पाहुणे असतील म्हणून राहिलं.

९ एप्रिल

पाडली.

सकाळी आठला करवतीचा आवाज आला. मला वाटलं सरपण कापतोय. बाहेर येऊन बघते तर वरच्या फांद्या खाली आलेल्या आणि वर शिडीवर त्सिरिल, कमरेला दोर. वय एकाहत्तर.

मी ओरडले, "त्सिरिल! अरे चंद्र वाढतोय! रस चढलाय! वेड लागलंय का तुला?"

त्याने करवत बंद केली. "माहीत आहे."

"हे लाकूड कुजेल. चुलीत घातलंस तरी नुसता धूर होईल."

"होऊ दे."

"नोव्हेंबरपर्यंत थांबला असतास तर काय बिघडलं असतं?"

त्याने वरून माझ्याकडे बघितलं. त्सिरिल बायकांशी बोलताना नेहमी काहीतरी वात्रट बोलतो, तेवढ्यासाठी तो सगळ्यांना आवडतो. आज नाही बोलला. "थांबता येत नाही, मिलोजका," एवढंच म्हणाला आणि करवत पुन्हा चालू केली.

दुपारपर्यंत सगळं आटोपलं. बुंध्याच्या कापावर रस पाझरून ओलं झालं होतं. मी तिथे उभी राहून रडले, हे लिहायला लाज वाटते, पण रडले. माझ्या भिंतीला त्याने आधीच फळ्या उभ्या करून आडोसा केला होता, गोणपाटंसुद्धा लावली होती. एकही पान तुटलं नाही. त्याचा मला अधिकच राग आला. माणूस एवढी काळजी घेतो म्हणजे आपण काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

खुन्नस, दुसरं काय. रुमालाबद्दल बोलले त्याची ही शिक्षा. चाळीस वर्षांत मी त्याला चंद्राविरुद्ध काही करताना पाहिलं नव्हतं.

१७ एप्रिल

ईस्टर. मी अंडी रंगवली आणि हॅम उकडला. एकट्या माणसासाठी हे जास्त होतं, तरी केलं.

अकराला त्सिरिल पोटित्सा घेऊन आला. दर ईस्टरला दानित्सा करते आणि अर्धी मला देते, अक्रोडांचं सारण गुंडाळलेली गोड पावरोटी, कापली की आत सुबक वेटोळं. यंदाचीला मधोमध भेग पडली होती, खालून करपली होती आणि सारण एका बाजूला गेलं होतं. म्हणाला, "दानित्साने पाठवली." मी चेहरा कोरा ठेवून घेतली. आत बोलावलं नाही. तोही थांबला नाही. त्याच्या बाहीला पीठ लागलं होतं.

एक तुकडा खाल्ला. मीठ घालायला विसरलेत. रागात केलेला पदार्थ असाच होतो.

२४ एप्रिल

आज तक्रार नाही.

एकतिसांपैकी सव्वीस फुललीत. शंकेतली दोन झाडंही जिवंत निघाली, त्यातल्या एकाला फूल आलं. एकूण दोनशे चौदा फुलं. जांभळं, थोडं गुलाबीकडे झुकणारं, आणि गळ्याशी पिठाची पांढरी कडी. पावसाने ते पीठ धुऊन जातं म्हणून वरून कधी पाणी घालायचं नाही. आज मऊ कुंचल्याने एका फुलातले परागकण दुसऱ्यात नेत चार तास बसले. यांच्यात दोन तऱ्हेची फुलं असतात, एकीत कुक्षी वर आणि दुसरीत परागकोश वर. एकाच तऱ्हेची कितीही झाडं असली तरी बी धड धरत नाही. दोघांची गाठ कुणीतरी घालून द्यावी लागते. ती मी घालते.

गुडघे धरले, पण मन शांत झालं. बी जुलैत पिकेल. एवढं साधलं तर भिंत जळाली तरी बी हाती राहील, आणि बी म्हणजे आणखी चार वर्षांनी फुलं. तेव्हा मी बहात्तरची असेन. चालेल.

तीन वाजता ऊन आलं. आता ते अजून सौम्य आहे, फुलं त्यात छान दिसली. खोटं का लिहू?

७ मे

पाऊस नाही. सत्तावीस अंश, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. वरच्या रांगेतल्या चार झाडांची पानं कडेने तपकिरी झालीत. रोज पहाटे भिंतीला पाणी देते. दुपारी दगडाला हात लावला तर पटकन काढून घ्यावा लागला.

दानित्सा या बुधवारीही नाही. झ्देन्काला विचारलं, तर ती भलतीकडे बघत म्हणाली, "तूच का नाही जात? तुझं कुंपण लागून आहे." मी म्हटलं, झाड पाडलं त्यांनी, बायको रुसली त्यांची, आणि नाक मी घासू? झ्देन्का नेहमी एका शब्दाला दहा शब्द परत करते. आज खाली बघून फिरक्या फिरवत बसली.

१४ मे

उपाय सापडला. माझ्या लग्नातल्या चार जाड लिननच्या चादरी एकमेकींना शिवल्या, घेवड्याचे वेल चढवायचे चार लांब खांब रोवले आणि भिंतीच्या खालच्या अंगाला पडद्यासारख्या ताणून बांधल्या. अडीच मीटर उंच. तीनचं ऊन तिरकं येतं, त्याला आडोसाही तसाच उंच लागतो. दुपारभर बसून पाहिलं. भिंत पूर्ण सावलीत. बियांची बोंडं भरायला लागलीत. आता मला फक्त सहा आठवडे हवेत.

त्सिरिल कुंपणाशी आला. चादरींकडे आणि मग आपल्या खिडकीकडे बघितलं.

"उंच झालीय," म्हणाला.

"तेवढी लागतेच. तुला उन्हाचं गणित मीच शिकवलंय."

"हो. तूच शिकवलंस."

पुढे काहीतरी बोलणार होता. मग मान हलवून आत गेला. शेवटी जिंकले, असं वाटलं. फार दिवसांनी भूक लागली, कोबी-बटाट्याचा रस्सा करून दोनदा वाढून घेतला.

२० मे

हे लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

दुपारी त्सिरिलच्या दारात ती पांढरी गाडी आली होती. तिच्यातून एक तरुण बाई उतरली. ती मला कुंपणावरून म्हणाली, "बाई, ह्या चादरी तुमच्या का? मी घरी जाऊन रोग्यांना बघणारी परिचारिका आहे. आतल्या आजींना दुपारचं ऊन फार आवडायचं हो. गेल्या शुक्रवारपर्यंत पलंगावर यायचं. जरा खाली घेता येतील का?"

मी विचारलं, "कोणत्या आजींना? काय झालंय?"

तिचा चेहरा पडला. "तुम्हाला ठाऊक नाही? मला वाटलं, एवढ्या जवळ राहता..." मग म्हणाली, "मला सांगता येत नाही. तुम्ही त्यांनाच विचारा."

विचारायची गरज नव्हती. मी आत येऊन ही वही मागे चाळली. सैल दोरा. डोक्याला रुमाल. पलंग. करपलेली पोटित्सा. सगळं माझ्याच अक्षरात, तारखांसकट. लोकांच्या बाटल्यांवरून मी सांगत असे की या माणसाला आणखी खाली उतरू देऊ नका, आणि डॉक्टर माझं ऐकत. आणि इथे माझ्या कुंपणापलीकडे बाई मरतेय आणि मी रंगकाम लिहून ठेवलंय.

तो थांबू शकत नव्हता. त्याने सांगितलं होतं मला, शिडीवरून.

चादरी उतरवल्या नाहीत. हेही लिहिते. बाहेर गेले, गाठीला हात लावला आणि परत आले. बोंडं हिरवी आहेत. म्हटलं, उद्या.

२१ मे

सकाळी बटाट्याचं सारण भरून झ्लिक्रोफी उकडले आणि घेऊन गेले. दार त्सिरिलने उघडलं. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, कुणी कीव करत आलं तर काठीने हाकलीन. झ्देन्काला दवाखान्यात दिसलो म्हणून तिला कळलं, तिलाही शपथ." मग थोडा हसला. "तू कीव करणार नाहीस हे मी सांगत होतो तिला. तुला जमतच नाही."

दानित्सा उशांना टेकून होती. इतकी लहान झालीय की पलंग दुसऱ्या कुणाचा वाटतो. मला बघून म्हणाली, "आलीस? मला वाटलं खुरपं घेऊन येशील."

"दानित्सा, तो रुमाल..."

"सैलच होता. बोटांत जोर राहिला नव्हता. सगळ्यांत आधी तू ओळखलंस. मी घरी येऊन त्सिरिलला म्हटलं, मिलोजकाला दिसलं, आता डॉक्टरकडे जायलाच हवं." झ्लिक्रोफीच्या ताटलीकडे बघून म्हणाली, "मी एकच खाईन हं. राग मानू नकोस."

अर्धा खाल्ला. मी तिला येग्लिचांचं सांगितलं, दोनशे चौदा फुलं. ती ऐकत होती. तीन वाजले तशी मान खिडकीकडे वळवली. बाहेर चादरी पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या, खोलीत नुसता फिकट उजेड.

"यंदा मे किती ढगाळ गं," म्हणाली. "आठ दिवस झाले, तीन वाजले की नेमके ढग येतात. त्सिरिल म्हणतो, डोंगरावर अडकलेत, निघतील."

मी त्सिरिलकडे बघितलं. तो खाली वाकून तिची चप्पल सरळ करत होता.

तिची दृष्टी आता खिडकीच्या चौकटीपर्यंतच पोचते, पलीकडचं सगळं तिला सारखंच पांढरं. त्याने माझ्या चादरींना ढग केलं. माझ्याकडे येऊन एक शब्द मागितला नाही, तिलाही खरं सांगितलं नाही.

मी म्हटलं, "निघतील, दानित्सा. उद्या निघतील."

घरी आल्याबरोबर गाठी सोडल्या.

२२ मे

तीन ते सव्वापाच ऊन. त्सिरिल कुंपणाशी येऊन म्हणाला, "ती म्हणते, ढग गेले." मी म्हटलं, "बघितलं." दोघं तिथेच उभे राहिलो. भिंत पूर्ण उन्हात होती. तो भिंतीकडे बघत नव्हता, मी पण नाही.

२८ मे

जे जमेल ते करतेय. पहाटे पाणी. अकराला ओली गोणपाटं भिंतीवर, पण उंच काही नाही. त्याने नुकसानच झालं. ओलं आणि गरम एकत्र आल्यावर सहा झाडांची मान बुडाशी कुजली, हाताला लागताच निघून आली. गोणपाटं काढली. मग वरची रांग करपली.

तीन झाडं फटीतून काढायचा प्रयत्न केला, व्होयस्कोला पाठवायला. मुळं दगडाच्या आत कुठवर गेलीत काय ठाऊक, छिन्नी लावली तरी तुटलीच. झ्देन्काने ओल्या कापडात गुंडाळून नेली. संध्याकाळी तिचा फोन आला. "माझी बहीण म्हणते, माना टाकल्यात." मार्चमध्ये कळ्या नव्हत्या, तेव्हा ती सहज निघाली असती. मी चंद्र बघत बसले.

दुपारी तासभर दानित्सापाशी. तिने माझा हात धरून उन्हात ठेवला आणि म्हणाली, "बघ, किती जड आहे." मला काही जड लागलं नाही. मी हो म्हटलं.

५ जून

चौदा उरली. बोंडं पिकायच्या आत सुकतायत. एक फोडून पाहिलं, आत बी आहे पण फिकट आणि पोकळ, नखाने दाबलं की चपटं होतं.

आज क्षणभर मनात आलं की तिला आता दिवसभर झोपच असते, चादर लावली तर कळणारही नाही. चादर कपाटातून काढली होती. खुर्चीवर ठेवली, तिच्याकडे बघत बसले आणि परत कपाटात ठेवली. एवढं वाईट मी कधी स्वतःबद्दल लिहिलं नव्हतं.

११ जून

बत्तीस अंश. पाच उरली.

दानित्सा डोळे मिटून पडते, पण ऊन चेहऱ्यावर आलं की तिच्या कपाळावरची आठी जाते. दोन दिवस मी हेच बघतेय. साडेपाचला ऊन निघून गेलं की आठी परत येते. त्या आठीवर ना तिच्या औषधाचा उपाय चालतो ना मी पाजलेल्या पाण्याचा. त्सिरिल पलंग ढकलत ढकलत उन्हाच्या मागे नेतो, तासातासाला हातभर. जमिनीवर पलंगाच्या पायांचे चरे उठलेत. मी एका बाजूने धरते. खोली संपते तिथे आम्ही थांबतो.

१५ जून

एकही नाही. तीनदा मोजलं. बी एक चिमूट निघालं, पाण्यात टाकलं, सगळं तरंगलं, म्हणजे पोकळ.

आत गेले आणि दानित्साजवळ बसले. ती झोपेत होती. मी तिला सांगितलं, हळू आवाजात, की सगळी गेली. कुणालातरी सांगायला हवं होतं.

१९ जून

आज दुपारी चारला गेली. ऊन होतं.

२२ जून

काल माती दिली. गावात जत्रेची तयारी चालली आहे, लेसवाल्या बायका चौकात उशा मांडून बसल्या होत्या. शवयात्रा जाताना सगळ्यांच्या फिरक्या थांबल्या. झ्देन्काने मला हाताला धरून नेलं आणि आणलं.

आज अडीच वाजता त्सिरिल माझ्या दारात उभा. खांद्यावर घेवड्याचे खांब आणि हातात घण. कालचीच काळी पँट अंगात होती, दाढी केलेली नव्हती.

"चादरी कुठायत?"

"कपाटात."

"आण. आता लावायला हरकत नाही."

मी म्हटलं, "राहू दे रे, त्सिरिल. आज नको."

"आजच. तुझी फुलं महिनाभर उन्हात आहेत. मला दिसत नव्हतं असं समजू नकोस. रोज दिसत होतं." त्याने घण दुसऱ्या हातात घेतला. "रोज वाटायचं, येऊन सांगावं, लाव बाई. नाही सांगितलं."

मी चादरी आणल्या. दुसरं काय करणार? त्याने खांब पूर्वीच्याच खड्ड्यांत रोवले, माझ्यापेक्षा कितीतरी सरळ. मी टोकं धरली आणि तो शिडीवर चढून गाठी मारत गेला. त्याला फुलझाडांतलं काही कळत नाही. भिंतीच्या फटींत जे काही तपकिरी चिकटलं होतं त्याकडे त्याने एकदा बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली, दुसऱ्याच्या घरातलं बघू नये तशी.

तीनला डोंगराच्या खांद्यामागून ऊन आलं आणि चादरींवर थांबलं. भिंतीवर दगडभर सावली झाली. त्यामागे त्याच्या खालच्या खोलीची खिडकी, तीही सावलीत गेली. तिच्याकडे त्याने बघितलं नाही.

खाली उतरून त्याने हात झटकले. "ताणून बसलीय ना? वाऱ्याने सुटणार नाही?"

"नाही सुटणार."

"मग झालं," म्हणाला. "आता वाचतील."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हटलं, "हो. आता वाचतील."